एका करीमच्या बदल्यात चौघे

१६ जून १९७५. अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये त्या दिवशी एक सौदा जाहीर झाला. मिलवॉकी बक्स या संघाने करीम अब्दुल-जब्बार यांना लॉस एंजेलिस लेकर्सच्या हवाली केले. सोबत वॉल्ट वेस्ली नावाचा एक राखीव खेळाडू दिला. बदल्यात लेकर्सकडून चार तरुण आले. एल्मोर स्मिथ, ब्रायन विंटर्स, डेव्ह मेयर्स आणि ज्युनियर ब्रिजमन.

आयपीएलमुळे ‘ट्रेड’ हा शब्द आता आपल्याकडे पानटपरीवरसुद्धा ऐकू येतो. कोणता खेळाडू कुणाला दिला, कोण फसले, कोणाचे फावले, यावर रात्र रात्र चर्चा झडतात. पण १९७५चा हा सौदा वेगळा होता. करीम त्या वेळी २८ वर्षांचे होते. उंची सात फूट दोन इंच. सहा हंगामांत तीनदा ते लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले होते. संघाला त्यांनी विजेतेपद मिळवून दिले होते. असा माणूस कोणी आपणहून देत नसतो. त्यांनी स्वतःच जाण्याची परवानगी मागितली होती.

पैशावरून वाद नव्हता, चाहत्यांबद्दल तक्रार नव्हती. हे शहर माझ्या सांस्कृतिक गरजांशी जुळत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. क्रीडा पत्रकारांना या वाक्याचा अर्थ लावता लावता नाकी नऊ आले. सांस्कृतिक गरज म्हणजे काय? ती कशात मोजायची? सौद्याच्या वहीत तिच्यासाठी रकानाच नव्हता.

हार्लेमचा मुलगा

करीम यांचे जन्मनाव फर्डिनांड लुईस अल्सिंडोर. १६ एप्रिल १९४७ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये त्यांचा जन्म झाला. वडील पोलिसांत नोकरी करत, पण मनाने जॅझ वादक होते. घर कॅथलिक, शाळाही कॅथलिक. ज्या हार्लेमच्या रस्त्यांवर मॅल्कम एक्स भाषणे देत, तेच हार्लेम या मुलाच्या अंगणासारखे होते. १९६४च्या उन्हाळ्यात तिथे दंगल उसळली, तेव्हा तो १७ वर्षांचा होता आणि तिथेच होता.

पुढे शिक्षणासाठी तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत गेला. जॉन वूडन यांच्यासारख्या प्रशिक्षकाच्या हाताखाली १९६७, १९६८ आणि १९६९ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्याच काळात मॅल्कम एक्स यांचे आत्मचरित्र त्याच्या वाचनात आले. काळ्या माणसाचा प्रश्न आणि इस्लाम या दोन्ही गोष्टी त्या पुस्तकातून त्याच्यापर्यंत एकत्र पोहोचल्या.

जून १९६७मध्ये क्लीव्हलँड शहरात काही नामवंत काळे खेळाडू मुहंमद अली यांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी जमले. व्हिएतनाम युद्धावर जायला अलींनी नकार दिला होता. जिम ब्राउन, बिल रसेल यांसारख्या मोठ्या नावांच्या बरोबरीने तिथे वीस वर्षांचा अल्सिंडोर बसला होता. पुढच्या वर्षी मेक्सिको ऑलिम्पिकसाठी खेळायला त्याने नकार दिला. ज्या देशात काळ्या माणसाला बरोबरीची वागणूक नाही, त्याच्यासाठी पदक कशाला आणायचे, असा त्याचा सवाल होता. त्याच १९६८ साली त्याने इस्लाम स्वीकारला.

हा इस्लाम एलायजा मुहंमद यांच्या ‘नेशन ऑफ इस्लाम’चा नव्हता, हे लक्षात घ्यायला हवे. करीम सुन्नी पंथाकडे गेले. हमास अब्दुल खालिस हे त्यांचे मार्गदर्शक. करीम हे नाव खालिस यांच्याकडूनच आले. अल्सिंडोर हे नाव त्रिनिदादमधल्या एका फ्रेंच मळेवाल्याचे होते. करीम यांच्या पूर्वजांना त्याने गुलाम म्हणून राबवले होते. मालकाचे नाव टाकून त्यांनी ‘जब्बारचा बंदा’ हे नाव घेतले. अमेरिकी समालोचक मात्र पुढची कित्येक वर्षे त्यांना नुसते ‘जब्बार’ म्हणत राहिले. ते नाव बंद्याचे नाही, खुदाचे आहे, हे आपल्या मोहल्ल्यातल्या मकतबात जाणारे पोरही सांगेल.

नाणे पडले, शहर ठरले

१९६९ साली करीम व्यावसायिक खेळाकडे वळले. तेव्हाच्या नियमानुसार कोणत्या संघाकडून खेळायचे हे खेळाडू ठरवत नसे. दोन गटांत तळाला राहिलेल्या दोन संघांत नाणेफेक व्हायची. जिंकेल त्याने आधी निवड करायची. त्या वर्षी हे संघ होते फीनिक्स सन्स आणि मिलवॉकी बक्स. फीनिक्सने छाप मागितली, काटा पडला. हार्लेमचा मुलगा मिलवॉकीचा झाला.

त्या काळी आणखी एक व्यावसायिक लीग चालत असे. तिच्या न्यूयॉर्क नेट्स संघालाही ते हवे होते. करीम यांनी दोन्ही बाजूंना सांगून ठेवले होते, की एकदाच बोली लावा, घासाघीस नको. मिलवॉकीची बोली चढी निघाली. नंतर नेट्सने मोठी रक्कम पुढे केली, तेव्हा करीम यांनी ती नाकारली. दिलेला शब्द मोडला असता तर त्यांना आपल्या गावी, आपल्या माणसांत राहता आले असते. त्यांनी शब्द पाळला. पुढे त्यांना कृतघ्न ठरवणाऱ्यांनी ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली.

मिलवॉकीला त्याचे फळ तत्काळ मिळाले. बक्स हा १९६८ साली जन्मलेला नवखा संघ. पहिल्या हंगामात त्यांनी २७ सामने जिंकले, ५५ हरले. करीम आले आणि पुढच्याच वर्षी ५६ विजय, २६ पराभव. १९७०मध्ये ऑस्कर रॉबर्टसन हा अनुभवी दिग्गज संघात आला. त्यानंतरच्या हंगामात ६६ विजय, फक्त १६ पराभव. ३० एप्रिल १९७१ रोजी बाल्टिमोरला चारही सामन्यांत हरवून बक्स विजेते झाले. लगेच दुसऱ्या दिवशी करीम यांनी आपले नवे नाव जगजाहीर केले.

बिअरचे शहर आणि एक मुसलमान

मिलवॉकी म्हणजे मिशिगन सरोवराकाठचे कारखान्यांचे गाव. जर्मन आणि पोलिश स्थलांतरितांनी वसवलेले. श्लिट्झ, पॅब्स्ट, मिलर या बिअरच्या कंपन्या हीच त्याची ओळख. माणसे कष्टाळू, साधी. पण काळ्यांची वस्ती आणि गोऱ्यांची वस्ती यांच्यामधली रेघ पक्की. काळ्यांना शहरात कुठेही घर घेता यावे, यासाठी १९६७च्या ऑगस्टमध्ये तिथे मोर्चे सुरू झाले. फादर जेम्स ग्रॉपी नावाचा गोरा कॅथलिक पाद्री त्यांच्या अग्रभागी होता. ते मोर्चे सलग २०० रात्री चालले. करीम तिथे पोहोचले तेव्हा ही जखम ओलीच होती.

चाहत्यांनी त्यांच्यावर प्रेम केले, यात शंका नाही. करीम यांनीही शहराबद्दल कधी वावगा शब्द काढला नाही. पण प्रेम आणि सोबत यांत फरक असतो. सामना संपला, की हा माणूस जायचा कुठे? ज्या जॅझवर तो वाढला, ते ऐकायला शिकागो गाठायचे. ज्यांच्याशी दीनबद्दल, अरबीबद्दल, इतिहासाबद्दल बोलायचे, ती माणसे न्यूयॉर्कला आणि वॉशिंग्टनला. ज्या वाचकाने नोकरीसाठी अशा गावी दिवस काढले असतील, जिथे ईदच्या दिवशी गळाभेट घ्यायला कोणी नाही आणि सहकारी मात्र मनापासून चांगले आहेत, त्याला ही गरज समजावून सांगावी लागणार नाही. तिथे छळ नसतो, तरीही माणूस आतून झिजत जातो.

त्यातच १८ जानेवारी १९७३ उजाडला. वॉशिंग्टनमध्ये खालिस यांच्या जमातीसाठी करीम यांनी एक घर घेऊन दिले होते. खालिस यांनी ‘नेशन ऑफ इस्लाम’वर उघड टीका करणारी पत्रे लिहिली होती. त्याचा सूड म्हणून मारेकरी त्या घरात शिरले. सात जणांची हत्या झाली. त्यात जेमतेम नऊ दिवसांचे एक बाळ होते. करीम यांनाही धोका असल्याने काही काळ पोलीस संरक्षणात वावरावे लागले. ज्या घरासाठी आपण पैसे दिले तिथे हे घडले, हे ओझे घेऊन हा माणूस मिलवॉकीत खेळत राहिला. १९७४च्या अंतिम फेरीत त्यांनी बक्सला सातव्या सामन्यापर्यंत नेले. तो सामना बोस्टनने जिंकला. नंतर रॉबर्टसन निवृत्त झाले आणि संघात करीम एकटे पडले.

एम्ब्री यांच्यापुढचा पेच

ऑक्टोबर १९७४मध्ये करीम यांनी व्यवस्थापनाला खासगीत सांगितले, की मला जाऊ द्या. पहिली पसंती न्यूयॉर्क. ते नसेल तर वॉशिंग्टन किंवा लॉस एंजेलिस. तिन्ही महानगरे. तिन्ही ठिकाणी त्यांची माणसे होती किंवा आयुष्याचा एखादा काळ गेला होता.

त्यानंतर काहीच दिवसांत एका सराव सामन्यात त्यांच्या डोळ्याला बोट लागले. संतापून त्यांनी बास्केटच्या खांबावर ठोसा मारला आणि हात मोडून घेतला. हंगामाच्या सुरुवातीचे कित्येक सामने ते बाहेर राहिले आणि संघ हरत गेला. परतले ते डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून. तो चष्मा पुढे त्यांची ओळखच बनला. मार्चमध्ये बातमी फुटली आणि करीम यांनी ती नाकारली नाही. ३८ विजय आणि ४४ पराभवांसह बक्स गटात तळाला राहिले.

निर्णय ज्यांना घ्यायचा होता, ते महाव्यवस्थापक वेन एम्ब्री स्वतः काळे होते. १९७२ साली ते या पदावर आले, तेव्हा या लीगमध्ये असा मान मिळवणारे ते पहिले काळे गृहस्थ ठरले. स्वतः सेंटर म्हणून खेळलेले. करीम काय सांगत आहेत, हे त्यांना इतर कुणाहून अधिक कळत असणार. पण त्यांची नेमणूक संघाचे हित पाहण्यासाठी होती आणि सगळ्या देशाचे डोळे त्यांच्यावर होते. पहिल्या काळ्या महाव्यवस्थापकाच्या हातून खेळातला सर्वांत मोठा खेळाडू निसटला, असे म्हणायला लोक टपलेलेच होते.

एम्ब्रींपुढे वाटा तीन होत्या. पहिली, करीम यांना ठेवून घ्यायचे. नियम संघाच्या बाजूचे होते. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहत असे. याच नियमाविरुद्ध ऑस्कर रॉबर्टसन यांनी खेळाडू संघटनेचे अध्यक्ष म्हणून १९७० साली खटला भरला होता आणि तो अजून चालूच होता. पण मन उडालेल्या माणसाला कागदाने किती दिवस बांधून ठेवणार? शिवाय दुसरी लीग अजून जिवंत होती. तिने करीम यांना ओढून नेले असते तर मिलवॉकीच्या हाती भोपळा आला असता.

दुसरी वाट न्यूयॉर्कची. करीम यांची पहिली पसंती तीच होती. पण न्यूयॉर्क निक्सकडे देण्यासारखे होते काय? विलिस रीड आणि डेव्ह डीबुशर १९७४मध्येच निवृत्त झाले होते. उरलेले बहुतेक उतारवयाला लागलेले. त्यांच्याकडे पैसा होता, पण पैसा मैदानात उतरून खेळत नाही. त्यातच १९७५च्या उन्हाळ्यात निक्सने जॉर्ज मॅगिनिस या खेळाडूशी परस्पर करार केला. त्याच्यावर फिलाडेल्फियाचा हक्क होता. नवे आयुक्त लॅरी ओब्रायन यांनी तो करार रद्द केला आणि निक्सला दंड म्हणून पहिल्या फेरीतली निवड काढून घेतली.

तिसरी वाट लॉस एंजेलिसची. लेकर्सची अवस्था बिकट होती. विल्ट चेंबरलेन आणि जेरी वेस्ट गेले होते, १९७४-७५मध्ये फक्त ३० विजय मिळाले होते. पण हाच दुबळेपणा सौद्यात कामी आला. तळाला राहिल्यामुळे त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्यांना दुसरी निवड मिळाली. तिच्यावर मेयर्स आला. आठव्या निवडीवर ब्रिजमन. दोघेही लेकर्सकडून एकही सामना न खेळता मिलवॉकीला रवाना झाले. एल्मोर स्मिथने १९७३मध्ये एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याचे १७ फटके अडवण्याचा विक्रम केला होता. विंटर्स नेमबाज होता, एकाच हंगामाचा अनुभवी. एम्ब्रींनी हा चौकडा घेतला.

तागडी कोणाकडे झुकली?

पहिल्या वर्षी गंमत झाली. करीम गेले तरी बक्सने पुन्हा ३८ सामनेच जिंकले आणि ४४ हरले. आधीच्या वर्षी याच आकड्यांवर ते तळाला होते, या वेळी त्याच आकड्यांवर गटात पहिले आले! आणि लेकर्स? ४० विजय, ४२ पराभव, बाद फेरीत प्रवेश नाही. करीम सर्वोत्तम खेळाडू ठरले खरे, पण संघ उभा करायला एक माणूस पुरत नाही. तेव्हा एम्ब्रींनी बाजी मारली असे म्हणणारेही निघाले असतील.

दुसऱ्या वर्षी चित्र पालटले. लेकर्स ५३ विजयांसह लीगमध्ये अव्वल, बक्सच्या खात्यात अवघे ३०. १९७९मध्ये पुन्हा एक नाणे उडाले. या वेळी शिकागोने छाप मागितली, पुन्हा काटा पडला आणि मॅजिक जॉन्सन लेकर्सकडे आला. पुढे १९८०, १९८२, १९८५, १९८७ आणि १९८८ अशी पाच विजेतेपदे. १९८९मध्ये करीम निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर ३८,३८७ गुण होते. हा विक्रम २०२३पर्यंत टिकला. मिलवॉकी ऐंशीच्या दशकात सतत चांगला संघ राहिला, पण दुसरे विजेतेपद मिळायला २०२१ उजाडावे लागले. मध्ये ५० वर्षे गेली.

हिशेब असा केला तर मिलवॉकी हरली. पण हा हिशेब अपुरा आहे. करीम यांना जबरदस्तीने ठेवले असते तर तीच पाच विजेतेपदे मिलवॉकीत झाली असती, असे कोण छातीठोकपणे सांगेल? आणि लॉस एंजेलिस म्हणजे काही स्वर्ग नव्हता. तिथेही त्यांना तुसडा, घुमा म्हटले गेले. मात्र १९८३च्या जानेवारीत त्यांच्या घराला आग लागली आणि आयुष्यभर जमवलेल्या जॅझच्या हजारो तबकड्या जळाल्या, तेव्हा चाहत्यांनी आपापल्या घरातल्या तबकड्या त्यांना आणून दिल्या. आपल्याला काय प्रिय आहे हे लोकांना ठाऊक आहे, असा अनुभव त्यांना त्या दिवसांत आला. ‘सांस्कृतिक गरज’ या शब्दांचा अर्थ शोधणाऱ्या पत्रकारांना याहून सोपे उत्तर मिळणार नव्हते.

मिलवॉकीनेही मन मोठे केले. १९९३मध्ये बक्सने करीम यांचा ३३ क्रमांक सन्मानाने निवृत्त केला. आता तो तिथे कुणालाही मिळत नाही.

उरलेल्या चौघांची गोष्ट

या सौद्याबद्दल लिहिताना सगळे करीमपाशी थांबतात. बदल्यात आलेल्या चौघांना कोणी काही विचारले नव्हते. त्यांच्याही गरजा असतील, हे १९७५मध्ये कोणाच्या मनातही आले नसेल.

स्मिथ दीड वर्षातच क्लीव्हलँडला धाडले गेले. विंटर्स मिलवॉकीत रुजले, त्यांचाही क्रमांक तिथे निवृत्त झाला. मेयर्स यांनी १९८०मध्ये, ऐन उमेदीत, खेळ सोडला. ते ख्रिश्चनांमधल्या ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाचे. घराला आणि श्रद्धेला वेळ द्यायचा म्हणून त्यांनी चालता खेळ थांबवला. ज्या माणसाने दीन आणि संस्कृतीसाठी शहर बदलले, त्याच्या बदल्यात आलेल्या माणसाने धर्मासाठी खेळच सोडला. हा योगायोग फारसा कोणी नोंदवलेला नाही.

आणि ज्युनियर ब्रिजमन. ते बक्सच्या पहिल्या पाचांत फार वेळा नसत, पण मैदानात उतरले की गुण घेत. १९८५मध्ये ते खेळाडू संघटनेचे अध्यक्ष झाले. रॉबर्टसन यांच्या खटल्यात १९७६ साली तडजोड होऊन दार किलकिले झाले होते. ते पूर्ण उघडण्यासाठी १९८७मध्ये नवा खटला भरला गेला. तो ब्रिजमन यांच्याच नावाने ओळखला जातो. १९८८च्या समझोत्यानंतर, ठराविक वर्षे खेळलेल्या आणि करार संपलेल्या खेळाडूला आपल्या मर्जीच्या संघात, मर्जीच्या शहरात जाण्याचा पूर्ण हक्क मिळाला. करीम यांना १९७४मध्ये जे विनवून मागावे लागले, ते पुढच्या पिढीला हक्काने मिळू लागले. त्या लढ्यावर नाव होते त्यांच्याच बदल्यात दिल्या गेलेल्या माणसाचे.

खेळ सोडल्यावर ब्रिजमन उपाहारगृहांच्या धंद्यात शिरले आणि अफाट यशस्वी झाले. २०२४च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी मिलवॉकी बक्सच्या मालकीतला १० टक्के वाटा विकत घेतला. पुढच्याच मार्चमध्ये त्यांचे निधन झाले.

१९७५मध्ये ज्या संघाच्या वहीत ते जमेच्या बाजूची एक नोंद म्हणून आले, त्या संघाचे ते मालक होऊन गेले. सौदा तोलणाऱ्यांनी गुण मोजले, वय मोजले, ड्राफ्टचे क्रमांक मोजले. त्या कागदावरच्या सहा नावांपैकी एकालाच आपल्या मनातले बोलता आले होते. त्याने ते बोलून दाखवले, म्हणून आज आपल्याला ही गोष्ट ठाऊक आहे.